चाऱ्याचा हिशेब



१९७३ साली पाटणा विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले लालूप्रसाद यादव आणि सरचिटणीस सुशीलकुमार मोदी. पुढच्याच वर्षी जयप्रकाशजींच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात दोघेही उतरले. आणीबाणीत दोघांनीही कारावास भोगला. लालूप्रसादांनी कन्येचे नाव ‘मिसा’ ठेवले, ते त्याच कायद्याच्या स्मरणार्थ.

१९७७ मध्ये लोकसभा, १९९० मध्ये मुख्यमंत्रिपद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समस्तीपूरला अडवाणीजींना अटक करून रथयात्रा रोखली, ती त्यांच्याच शासनाने. उपेक्षितांना त्यांनी वाचा दिली, हे विरोधकांनीही मान्य करावे. परंतु तिजोरीचे काय?

जानेवारी १९९६ मध्ये उपायुक्त अमित खरे यांनी चाईबासा येथील पशुसंवर्धन कार्यालयावर धाड घातली. कधीच न आलेल्या चाऱ्याची, औषधांची देयके कोषागारातून वटली होती. जनावरे वाहून नेणाऱ्या ‘मालमोटारीं’चे काही क्रमांक तर चक्क स्कूटरचे निघाले! वनवासी मुलखातील मुक्या जनावरांच्या तोंडचा घास असा पळवला गेला.

उच्च न्यायालयात याचिका घेऊन गेलेल्यांत सुशीलकुमार मोदी होते. मार्चमध्ये तपास सीबीआयकडे गेला. जुलै १९९७ मध्ये अटक अटळ दिसताच लालूप्रसादांनी खुर्ची सोडली, ती पत्नी राबडीदेवींसाठी. समाजवादाचा हा गृहस्थाश्रम! २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, खासदारकी गेली. २०२२ पर्यंत पाच खटल्यांत ते दोषी ठरले. जामीन आणि अपिले चालूच राहिली.

बिहारचे अर्थखाते २००५ मध्ये सुशीलकुमार मोदींकडे आले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा लालूप्रसादांनी शोकसंदेशात विद्यार्थी संघापासूनच्या मैत्रीची आठवण काढली.