संत्र्याची साल आणि सालीचे तेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. पण आपल्यापैकी पुष्कळजणी विचारतात की, संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचा कीस घालण्याऐवजी बाजारात मिळणारे तेल पदार्थात घातले तर चालेल काय? त्याविषयी चार शब्द सांगते.

नागपूर आपल्याला जवळ. तेथील संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण एकदा ऊन तापले की ताजी साल मिळत नाही. पावसाळ्यात तर पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाटच बंद होते. अशा वेळी राखीपौर्णिमेला संत्र्याच्या वासाची बर्फी करावयाची तर साल आणावी कोठून? तेथे बाटली उपयोगी पडते.

हे तेल म्हणजे काही परकी वस्तू नव्हे. संत्र्याची साल दिव्याजवळ चिमटली की ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. जे उडते आणि पेटते, तेच हे तेल. सालीच्या वरच्या नारिंगी भागात बारीक पिशव्या असतात, त्यांत ते भरलेले असते. आतल्या पांढऱ्या भागात कडूपणा असतो. म्हणून कीस करताना हात हलका ठेवावा लागतो. तेलात हा कडू भाग येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मात्र त्याचा स्वभाव ओळखून वापरले पाहिजे. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. म्हणून सरबतात थेट थेंब टाकू नये. चमचाभर तुपात किंवा साखरेत आधी मिसळून मग घालावे. दुसरे म्हणजे ते उष्णतेने उडून जाते. उकळत्या पाकात घातले तर वास घरभर पसरेल आणि बर्फीत काहीच उरणार नाही. पातेले खाली उतरवून, वाफ जराशी निवल्यावरच घालावे. तिसरे, ते फार तीव्र असते. अर्धा किलो बर्फीला मी एक थेंब घालते, चव पाहते, लागलाच तर दुसरा. जास्त झाले तर ते परत काढता येत नाही.

आणि त्यात आंबटपणा मुळीच नसतो. पोह्यांवर लिंबू पिळावे, ते काम तेल करणार नाही. पण बासुंदीत संत्र्याचा रस घातला तर दूध फाटण्याची भीती असते, तेलाने फाटत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. सारख्याच दिसणाऱ्या तीन बाटल्या बाजारात असतात. एक खाण्याचे तेल, दुसरा पातळ केलेला इसेन्स आणि तिसरे अंगाला किंवा खोलीत वासाला वापरावयाचे तेल. आमच्या आळीतील एका भगिनीने दिवाळीत विक्रीसाठी आठ लिटर दुधाची बर्फी केली. नंतर तिच्या मुलीने बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली, 'केवळ बाह्य वापरासाठी'. सारी बर्फी तिने टाकून दिली. तिचे पैसे गेले, पण तिच्या विश्वासावर खाणाऱ्या माणसांना तिने जपले. म्हणून सांगते, बाटलीवर एफ.एस.एस.ए.आय.ची खूण व चौदा अंकी क्रमांक पाहिल्याखेरीज एक थेंबही पोटात जाऊ देऊ नका. चित्र संत्र्याचे आहे, एवढ्यावर विसंबू नका.

बाटली काचेची, गडद रंगाची असावी. झाकण घट्ट लावून ती फ्रीजमध्ये ठेवावी. आपल्या जिल्ह्यांतील उन्हाळ्यात बाहेर राहिली तर वास बिघडतो. थर्माकोलला हे तेल विरघळवते, तेव्हा तशा पेल्यात ओतू नये. मुलांच्या हाती तर बाटली मुळीच लागू देऊ नये.

ज्यांना बाटली परवडत नाही, त्यांनी हंगामातच तरतूद करावी. संत्री कोमट पाण्याने चोळून धुवावीत, कारण दूर पाठविण्याच्या फळांवर मेण चढविलेले असते. नागपुरी संत्र्याची साल सैल, सोलल्यावर नीट किसली जात नाही. म्हणून सोलण्याआधीच किसावी. दोन संत्र्यांचा कीस वाटीभर साखरेत हातांनी चोळावा. साखर ओलसर, नारिंगी होते. ती ताटात पसरून सावलीत वाळवावी आणि बरणीत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी. सालीतले तेलच साखरेने धरून ठेवलेले असते. रव्याच्या लाडवांना, साखरभाताला ती छान लागते.

शेवटी, ज्या भगिनी पदार्थ विकतात त्यांना एक विनंती. तेल किंवा इसेन्स घातला असेल तर वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे. कायदाही तेच सांगतो. तेल घातले म्हणजे पदार्थ कमी प्रतीचा झाला, असे नाही. पण बाटलीतला वास घालून 'ताज्या संत्र्यांची बर्फी' म्हणून विकणे बरे नव्हे. आपल्या हातच्या जिनसा लोक घेतात ते वासासाठी कमी आणि आपल्यावरील विश्वासासाठी अधिक.