गिधाडाचे पोट आणि गोठ्यातली सुई



लालबाग-परळची मुले पहिल्यांदा वाघ पाहतात तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत. वाघ दिसला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "हा रोज किती मटण खातो हो?" उत्तर ऐकून ती हिरमुसतात, कारण रानातला वाघ रोज जेवतच नाही. एखादे सांबर हाती लागले तर दोन-चार दिवस त्याच्यावर ताव मारायचा, आणि मग पुढची शिकार साधेपर्यंत उपास. म्हणूनच पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत वाघसिंहांना आठवड्यातून एक दिवस खाणे देत नाहीत. आपल्या एकादशीसारखेच, फक्त साबुदाण्याची खिचडी नाही, एवढाच फरक!

पण आज मला वाघाविषयी बोलायचे नाही. वाघाचे कौतुक करायला पुष्कळ जण आहेत. मी बोलणार आहे मांसाहाऱ्यांच्या पंगतीत सर्वांत शेवटी बसणाऱ्या पाहुण्याविषयी, म्हणजे गिधाडाविषयी.

मी गिरगावचा. आमच्या गच्चीवरून मलबार हिलच्या अंगाला पाहिले की लहानपणी मोठाले काळे पक्षी संथपणे घिरट्या घालताना दिसत. तिथे डुंगरवाडी आहे, पारशी समाजाचे दखमे आहेत. माती, पाणी आणि अग्नी यांना विटाळ होऊ नये म्हणून मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा, अशी त्यांची रीत. मुंबईत ती सतराव्या शतकापासून चालत आली आहे. शेवटचे दान म्हणून देह द्यायचा, ही कल्पना मला तरी फार थोर वाटते. आज त्याच गच्चीवर उभे राहिले तर घारी दिसतात, कावळे दिसतात. गिधाड मात्र औषधालाही सापडत नाही. आणि "औषधालाही" हा शब्द मी उगाच वापरलेला नाही, हे पुढे कळेल.

आधी त्याचे जेवण पाहू. गिधाड शिकार करीत नाही. घारीसारखे भक्ष्य पकडून उचलण्याचे बळ त्याच्या पंजात नसते. ते उंच आकाशातून नुसते पाहत राहते. एकाला मेलेले ढोर दिसले आणि ते खाली उतरू लागले, की दूरवरचे दुसरे ते पाहते, दुसऱ्याला पाहून तिसरे. तुम्ही म्हणाल, वासावर येत असतील. नाही, आपली गिधाडे येतात ती डोळ्यांच्या जोरावर. मानेवर पिसे जवळजवळ नाहीत, म्हणून मढ्यात मान खुपसली तरी ती फारशी बरबटत नाही. पोटातले आम्ल एवढे जहाल, की कुजक्या मांसातले कितीतरी रोगजंतू तिथेच मरून जातात. मोठा थवा उतरला तर एका जनावराचा तासाभरात नुसता सांगाडा उरतो. गावाबाहेर ढोरे टाकण्याची जागा असे, तिथे हे काम कोणी न सांगता, न पैसे घेता होत होते.

मग ती गेली कुठे? १९९०च्या दशकात राजस्थानातील भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून बसलेली आणि मग मरून पडलेली दिसू लागली. ही सोसायटी आपल्या मुंबईचीच, १८८३ सालची. कोणी म्हणे साथ आहे, कोणी म्हणे शेतातले विषारी औषध. खरे कारण पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून २००४ साली जगापुढे आले: डायक्लोफेनॅक. आपण कंबर धरली की घेतो, तेच वेदनाशामक. जनावरांनाही ते टोचले जाऊ लागले होते. सुई टोचलेले जनावर एकदोन दिवसांत दगावले, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहते. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काळजा-यकृतावर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर बसतो. कॉलऱ्याच्या किंवा काळपुळीच्या जंतूंना न डरणारे पोट, पण या औषधापुढे त्याचे काही चालेना!

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी, १९९२ साली जिथे हजार होती तिथे २००७ साली एखादेच उरले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा ही तूट लवकर कशी भरणार? डुंगरवाडीत आता सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली आहेत. काही पारशी कुटुंबे दहनही करतात. त्यासाठी वरळीला २०१५ साली प्रार्थनागृह झाले. गावाकडे गिधाडांच्या जागी आली मोकाट कुत्री. कुत्रे मढे पुरते साफ करीत नाही, आणि पिसाळले तर आपल्याच पोराबाळांना चावते.

शेतकरी बंधूंनो, यात तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पाय धरलेल्या बैलाच्या वेदना पाहवत नाहीत म्हणूनच तुम्ही डॉक्टरांना बोलावता. सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. पण माणसांसाठीची मोठी बाटली आणून ती जनावराला टोचण्याचा प्रकार चालूच राहिला, म्हणून २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनाची बाटली तीन मिलिलिटरवर आणावी लागली. २०२३ साली जनावरांसाठीचे कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गुरांना गुण देते आणि गिधाडांनाही बाधत नाही. तेव्हा डॉक्टर पिशवी उघडतील तेव्हा एवढेच विचारा, "साहेब, हे कोणते?" सुई दिल्यावर ढोर मेलेच, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.

गुरुजींनी वर्गात मुलांना एक काम सांगून पाहावे. घरी आजोबांना विचारून यायचे: आपल्या शिवारात गिधाडे कोणत्या झाडावर बसत, आणि शेवटची केव्हा दिसली? झाडाचे नाव बहुतेकांना आठवेल. साल आठवणारा क्वचित भेटेल, कारण ती केव्हा गेली हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

सगळीच गेली असे मात्र नाही. हरियाणातील पिंजोर येथे बंदिस्त जागेत त्यांची पैदास होते. तिथे वाढलेली काही गिधाडे २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात सोडली. आणि मुंबईची खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात गेलात, तर म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून घरटी करतात.