अडीच सेंटीमीटरची गुराब



टेबलावरच्या लढाईसाठी शिडाची छोटी जहाजं रंगवणं, हा आजचा विषय. छंद परका वाटेल, पण त्याचं बी दर दिवाळीला आपल्या अंगणात पडतं. मातीचा किल्ला, त्यावर अळीव पेरलेली हिरवळ, पायऱ्यांवर मावळे. सिंधुदुर्ग करायचा असला तर मोठ्या परातीत पाणी भरायचं आणि त्यात कागदाची होडी सोडायची. त्या होडीपाशी माझं मन अडतं. तट कसा, बुरूज कुठे, महादरवाजा कसा लपवला आहे, हे आपल्या मुलांना नीट ठाऊक असतं. त्या तटाखालून निघणारं जहाज कसं होतं, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. चित्ररथावर आपण उंच पिछाडीचं युरोपी जहाज उभं करतो, त्यावर भगवा लावतो आणि त्याला मराठा आरमार म्हणतो. हे मला मनापासून खटकतं.

खेळ थोडक्यात असा. निळ्या कापडावर दोन्ही बाजूंची जहाजं मांडायची. वाऱ्याची दिशा ठरवायची, कारण शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. अंतर पट्टीनं मोजायचं, तोफेचा नेम फाशांवर. हा केवळ पोरखेळ नव्हे. एडिंबराजवळच्या जॉन क्लार्क नावाच्या गृहस्थानं आयुष्यात आरमाराची नोकरी केली नाही, पण टेबलावर छोटी जहाजं हलवून आरमारी डावपेचांचा अभ्यास केला आणि १७८२ मध्ये त्यावर निबंध छापला.

या खेळात १:१२०० हे प्रमाण बरंच चालतं. तीस मीटर लांबीचं जहाज त्यात अडीच सेंटीमीटरचं होतं आणि माणूस दीड मिलिमीटरचाही भरत नाही. शिवणाचा ०.२ मिलिमीटरचा दोरा डोलकाठीला ताणून बांधला, तर त्या प्रमाणात तो २४ सेंटीमीटर जाडीचा दोर होतो. असा दोर कुठल्याही जहाजावर नव्हता. म्हणून दोर शक्य तितका बारीक घ्यावा आणि सगळे दोर दाखवायचा हट्ट सोडावा. डोलकाठी धरून ठेवणारे ताण गडद ठेवावेत, शिडं ओढायचे दोर फिक्या काथ्याच्या रंगाचे.

आता गुराब, म्हणजे मराठा आरमाराचं मोठं लढाऊ जहाज. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं मराठा आरमाराचे सरदार आंग्रे यांच्या जहाजांचं वर्णन करून ठेवलं आहे. रंगवणाऱ्यानं ते आधी वाचावं, मगच ब्रश उचलावा. गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात फारशी न बुडणारी. तिची खरी ओळख म्हणजे पुढे लांब निघालेली नाळ. या नाळेला कठडे नाहीत. समोरच्या लाटेत गुराब फार आपटायची, तेव्हा अंगावर आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून नाळ उघडी ठेवलेली. तिच्या मागच्या आडव्या भिंतीत दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी, थेट पुढे रोखलेल्या. गलबत त्याहून लहान, मोठ्यातलं मोठं सत्तर टनांच्या आसपास. त्यावर एक प्रचंड तिकोनी शीड, त्याचं टोक डोलकाठीच्याही वर गेलेलं, आणि चाळीस-पन्नास वल्ही. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंची हलकी पाटणी आणि काठांवर जंबुरे, म्हणजे फिरत्या छोट्या तोफा.

गुराब तयार मिळणं कठीण. भूमध्य समुद्रातली झेबेक नावाची जहाजं या प्रमाणात मिळतात. त्यांचीही नाळ पुढे निघालेली असते, त्यामुळे थोडी कापाकापी करून काम भागतं. मला स्वतःला बाल्सा लाकूड कोरून केलेली आवडते, कारण उघडी नाळ तासताना तिचं कारण हाताला कळतं.

रंगाचं म्हणाल तर काळा-पिवळा पट्टा आधी मनातून काढा. इंग्रजी जहाजांवरचे ते ठळक पट्टे नेल्सनच्या काळातले, १८०५ च्या आसपासचे. विजयदुर्गाच्या लढाईतल्या, म्हणजे १७५६ च्या इंग्रजी जहाजाला बाजूचं लाकूड उजळ, मधाळ ठेवावं आणि पाण्यालगतच्या जाड फळ्या काळ्या. आपल्याकडे साग. तेल पिऊन काळवंडलेला तपकिरी रंग बाजूंना द्यावा. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव म्हणून पश्चिम किनाऱ्यावर जहाजाच्या तळाला चुना आणि तेलाचा लेप देत. म्हणून पाण्याच्या रेषेवर पांढुरक्या रंगाची केसाइतकी रेघ ओढावी. मला विचाराल तर सगळ्या रंगकामात या एका रेघेइतकं दुसरं काही बोलत नाही. शिडं सुती, तेव्हा पांढरीशुभ्र नकोत. रंग खऱ्यापेक्षा थोडा फिका घ्यावा, कारण दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे उतरलेला दिसतो. आणि नाशिकच्या मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतं. ओल्या स्पंजावर कागद अंथरून त्यावर रंग कालवा आणि बैठक पहाटेची ठेवा.

एक गुराब रंगवून थांबणाऱ्याला आंग्रे कळणार नाहीत. ऑर्म सांगतो, आठ-दहा गुराबी आणि चाळीस-पन्नास गलबतं, असा हा ताफा. दहावं गलबत रंगवताना कंटाळा येतो, तिसावं झालं की आरमाराची बुद्धी दिसू लागते. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबींना ओढून शत्रूच्या मागे नेत. तिथे त्याच्या बाजूच्या तोफा निकामी. पुढच्या तोफांनी त्याची शिडं आणि डोलकाठ्या तोडायच्या, जहाज लंगडं झालं की चहूकडून माणसं चढवायची. मोठ्या जहाजाशी बरोबरीनं उभं राहून तोफांची अदलाबदल करायचीच नाही. टेबलावर ज्यानं गुराब शत्रूला आडवी लावली, तो पहिल्या दोन-चार डावांत ती गमावतो.

आता विजयदुर्ग, आंग्र्यांचा किल्ला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार किल्ल्यासमोर आलं, क्लाइव्ह फौजेसह बरोबर होता आणि इंग्रजांच्या जोडीला जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज होती. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे त्या वेळी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले. १२ तारखेला बाँबगोळा एका जहाजावर पडला, आग लागली आणि एकमेकांलगत बांधलेलं सारं आरमार जळालं. तुळाजींची मुजोरी खरी, पेशव्यांची अडचणही खरी. तरीही परक्याच्या तोफांनी आपलं आरमार जाळू देणं ही माझ्या मते नानासाहेबांची सर्वांत महागडी चूक. हे मी नाशिकमध्ये मुद्दाम बोलतो. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात इथेच गंगापूरला राहिल्या. या शहराचं पेशव्यांशी नातं घरचं आहे, आणि घरच्या माणसाची चूक घरात बोलता आली पाहिजे.

म्हणून विजयदुर्गाचा डाव मी दोनदा मांडतो. पहिल्यांदा घडला तसा, गुराबी किल्ल्याखाली बांधलेल्या. दुसऱ्यांदा दोर सोडून. वाघोटनची खाडी मागे आहे, गुराबींना पाणी थोडं लागतं आणि वॉटसनच्या केंटसारख्या अवजड युद्धनौकेला उथळ पाण्यात मागे येता येत नाही. गलबतांनी रात्रीत किती गुराबी आत ओढून नेता आल्या असत्या? व्याख्यानानंतरच्या डावासाठी टेबल मांडून ठेवलं आहे, इंग्रजांची बाजू घ्यायला दोघं पुढे या.