एक पेर पाणी

भाताला पाणी किती, याचे घरोघरचे जुने उत्तर ‘एक पेर’ असे आहे. धुतलेले तांदूळ पातेल्यात सपाट करायचे, तर्जनीचे टोक त्यांवर अलगद टेकवायचे आणि पाणी पहिल्या पेराच्या रेघेला लागेपर्यंत ओतायचे. बोट तांदळात खुपसायचे नाही, वर टेकवायचे. नवशिक्याचे माप चुकते ते इथेच. टोकाचे पेर साधारण अडीच सेंटिमीटर भरते.

या मापात तांदूळ मोजावाच लागत नाही, आणि सगळे नवल त्यातच आहे. वाटीभर तांदूळ असोत की दोन वाट्या, पेर एकच. कारण पाण्याचा एक भाग दाण्यांमधल्या फटींत शिरलेला असतो आणि तांदूळ वाढले की तो आपोआप वाढतो. वरचे पेरभर पाणी दाणे फुगायला आणि वाफेला लागते. पातेले पसरट असेल तर वाफ जास्त जाते. पण पसरट पातेल्यात पेरभर पाणीही जास्तच मावते. भांड्याचा हिशेब असा बोटावरच होऊन जातो. अर्थात याला मर्यादा आहे. तांदळाचा थर जाड झाला की एक पेर पुरत नाही, मग दीड पेर धरतात. नवा तांदूळ पाणी कमी पितो, म्हणून नव्या आंबेमोहराला रेघेच्या जरा खालीच हात आवरायचा. जुना तांदूळ रेघेच्या थोडे वर मागतो. पुन्हा सांगण्याजोगी गोष्ट ही, की तांदूळ न मोजता पाणी मोजणारे हे माप आहे. एकदा बोटात बसले की ते विसरत नाही.

लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, हरभऱ्याएवढा हिंग ही मापेही याच घरातली. चिंचेचा गोळा, गुळाचा खडा, खडा हिंग यांपैकी काहीच चमच्यात सपाट बसत नाही. अशा जिनसांना नजरेचे मापच सोयीचे. कोरड्या जिनसांना चिमूट, मूठ, ओंजळ.

धान्याची मापे त्याहून काटेकोर होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. शेर मात्र गावागणिक लहानमोठा. वजनमापांच्या 1956 च्या कायद्यानंतर, 1960 च्या आसपास, दुकानात किलो आला आणि शेर गेला.

स्वयंपाकघरात वाटी राहिली. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक 1970 च्या सुमारास आले, त्यातही मापे वाटी-चमच्याचीच. वाटी लहान की मोठी हा प्रश्न फारसा येत नाही, कारण ती प्रमाण सांगते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण: रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वा वाटी असो की सव्वा किलो, शिरा तोच. मोदकाच्या उकडीला एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. ज्या वाटीने पीठ, त्याच वाटीने पाणी, एवढे पाळले की झाले.

जिथे प्रमाणही पुरत नाही तिथे खूण असते. मोहन पुरेसे झाले हे पीठ सांगते: मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटे दूर नेली की एक तार सुटते, तो एकतारी. पीठ जुने-नवे, हवा दमट-कोरडी, हे सारे त्या खुणेत येऊन जाते. आकड्यात ते येत नाही.

‘अंदाजाने’ हा शब्द आता ढिलाईचा मानला जातो, आणि तो या पद्धतीवर अन्याय आहे. अंदाज शेजारी उभे राहून शिकायचा असतो. मुटका कितपत घट्ट हे सासू किंवा आई सुनेच्या, लेकीच्या मुठीत पीठ देऊन दाखवत असे, आणि ते शेजारी उभे राहणेच कमी होत चालले आहे. कागदावर उतरताना घोटाळा होतो तो मापांच्या सरमिसळीने. दुधाच्या पिशवीवर मिलिलिटर, वहीत वाटी आणि बाजारातला मापाचा कप 240 मिलिलिटरचा. आमटीची वाटी सहसा त्याहून लहान. वहीत ‘चार वाट्या भाजणी, एक पळी मोहन’ लिहिलेले असते. ती वाटी आणि ती पळी एकाच घरातली असतात. दोन्ही मोडीत गेल्या की वहीतली ती ओळ निरुपयोगी होते.

ज्या घरात जुनी वाटी आणि पळी अजून आहे, तिथे त्यांत पाणी भरून ते एकदा मिलिलिटरमध्ये मोजावे आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.