सन्मानचिन्ह आणि खरेदीची ऑर्डर

(एका व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळाली नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यानंतरचा प्रसंग तितकासा सांगितला जात नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. आरंभी गिऱ्हाइके आली. पुढे, सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात याची नोंद आहे.

या छोट्या घटनेत एका मोठ्या प्रश्नाचे मूळ आहे. तिथे विद्येची उणीव नव्हती. कोलंबिया विद्यापीठाची पदवी हाती होती. कष्टांची तयारी होती आणि मालही उत्तम होता. आटला होता तो ग्राहक. बाजारात खरेदीदार केवळ भाव आणि गुणवत्ता पाहतो, विकणाऱ्याची जात पाहत नाही, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. मुंबईच्या बाजाराने १९१८च्या सुमारास या सिद्धांताला दिलेले उत्तर असे होते.

आज दलित, आदिवासी, अल्पसंख्य आणि स्त्री उद्योजकांचे सत्कार होतात. त्यांच्याकडून माल घेणाऱ्या कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांनाही ‘पुरवठादारांतील वैविध्य’ जोपासल्याबद्दल गौरवपत्रे दिली जातात. हा गौरव वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे शतकानुशतके केवळ श्रमिक म्हणून पाहिले गेले, ते मालक आणि निर्माते म्हणून व्यासपीठावर येतात, ही सामाजिक दृष्ट्या मोलाची गोष्ट आहे. तथापि एक प्रश्न उरतोच. शाल-श्रीफळ स्वीकारून तो उद्योजक आपल्या गाळ्यावर परततो, तेव्हा खरेदीची ऑर्डर त्याच्या मागोमाग येते काय? आणि आलीच, तर बिलाचे पैसे वेळेवर मिळतात काय?

पुरवठादारांतील वैविध्याची कल्पना आज ज्या रूपात प्रचलित आहे, ते रूप अमेरिकेतले आहे आणि ते नागरी हक्कांच्या लढ्यातून आले. १९६०च्या दशकात तेथील शहरे पेटली. मतदानाचा हक्क मिळाला तरी कंत्राटे आणि कर्जे गोऱ्यांच्याच हाती आहेत, ही जाणीव तीव्र झाली. १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्यांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. १९७७च्या सार्वजनिक बांधकाम कायद्यात दहा टक्के निधी अशा उद्योगांसाठी राखला गेला. तो १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. स्त्रियांची कथा याहून विलक्षण आहे. व्यवसायासाठी कर्ज काढणाऱ्या स्त्रीकडे पुरुष नातेवाइकाची सही मागण्याची प्रथा तेथे १९८८च्या कायद्याने संपली. संघराज्य सरकारच्या खरेदीत स्त्रियांच्या उद्योगांचा वाटा पाच टक्के असावा, हे उद्दिष्ट १९९४ साली ठरले. ते प्रथम गाठले गेले २०१५ साली. जगातील सर्वांत श्रीमंत सरकारला पाच टक्क्यांपर्यंत पोहोचायला एकवीस वर्षे लागली.

रिचमंड शहराचे उदाहरण अधिक बोलके आहे. या शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत महापालिकेच्या मुख्य बांधकाम कंत्राटांपैकी अल्पसंख्यांच्या उद्योगांना मिळाली ती केवळ ०.६७ टक्के. म्हणून महापालिकेने नियम केला, की मुख्य कंत्राटदाराने कामाच्या किमान तीस टक्के रकमेची उपकंत्राटे अशा उद्योगांना द्यावीत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. या शहरातील बांधकाम व्यवसायात प्रत्यक्ष भेदभाव झाल्याचा नेमका पुरावा महापालिकेने दिला नाही, लोकसंख्येशी केलेली तुलना पुरेशी नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तीव्र शब्दांत विरोधी मत नोंदवले. पुढे २०२३ साली विद्यापीठ-प्रवेशातील वांशिक निकषही त्याच न्यायालयाने अवैध ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये, सरकारी कंत्राटदारांना नोकऱ्यांत भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६५चा कार्यकारी आदेश अध्यक्षांनी मागे घेतला. त्या सुमारास अनेक बड्या कंपन्यांनी आपले वैविध्याचे कार्यक्रम आवरते घेतले. कालपर्यंत याच कंपन्या त्यासाठी गौरवपत्रे घेत होत्या.

यातून दोन धडे मिळतात. जे कंपनीच्या औदार्यावर उभे असते, ते वारा फिरताच कोसळते. आणि ज्या हक्कामागे खरेदीच्या नोंदींचा भक्कम पुरावा नसतो, तो न्यायालयात टिकवणे कठीण जाते.

भारतात या बाबतीत कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदी करण्याबाबतचा केंद्र सरकारचा आदेश २०१२ साली निघाला. केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा वीस टक्के भाग या उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यातच एकूण खरेदीच्या चार टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असे ठरले. २०१८च्या दुरुस्तीने वीसचे पंचवीस टक्के झाले आणि तीन टक्के स्त्रियांसाठी ठेवले गेले. निविदेचे कागद विनामूल्य मिळतात, बयाणा रक्कम माफ असते.

‘यामुळे सरकारी तिजोरीवर भार पडतो’, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो आदेश न वाचता घेतला जातो. सर्वांत कमी भाव मोठ्या उद्योगाचा असेल आणि लघुउद्योगाचा भाव त्याहून पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर लघुउद्योजकाला तोच कमी भाव मान्य करून मालाचा काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. म्हणजे सरकार एक पैसाही अधिक मोजत नाही. मोजावे लागते ते लघुउद्योजकाला, आपल्या नफ्यातून.

आणि तरीही काय घडले? २०१९नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत केंद्रीय उपक्रमांनी पंचवीस टक्क्यांचे एकूण उद्दिष्ट ओलांडले. परंतु अनुसूचित जाती-जमातींचा वाटा चाराच्या निम्म्यापर्यंतही पोहोचला नाही. लघुउद्योग म्हटला की प्रस्थापित जातींतला लघुउद्योग, हे समीकरण खरेदी खात्याच्या मनात पक्के आहे. धार्मिक अल्पसंख्यांसाठी तर या आदेशात वेगळे उद्दिष्टच नाही. मुसलमानांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण अधिक आहे आणि बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते, हे सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिले होते. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक सरकारी कापड खरेदीच्या कोणत्या रकान्यात बसतो, याचे उत्तर या आदेशात सापडत नाही.

महाराष्ट्राने स्त्रियांच्या बाबतीत जे केले ते विसरता येणार नाही. अंगणवाडीतील पोषण आहाराच्या पुरवठ्यातून कंत्राटदारांना दूर ठेवा आणि शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळांमार्फत हे काम करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. बाळाच्या तोंडी जाणारा घास गावातल्याच बायांनी शिजवावा आणि त्याचे चार पैसे त्यांच्याच हाती राहावेत, इतका सरळ विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात महिला संस्थेच्या पाटीआड कंत्राटदारच उभे असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. २०१६च्या निविदेत तर प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट केले गेले आणि गावातल्या बचत गटाला पेलणार नाहीत अशा उलाढालीच्या अटी घातल्या गेल्या. गटांच्या बायांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे रद्द केली. ज्या बाईची उलाढाल काही हजारांची, तिच्याकडे कोटींचा हिशेब मागणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा पुरुषभर उंच करणे होय.

समाजवादी विचाराच्या मंडळींकडून येथे एक शंका घेतली जाते, आणि ती टाळता येणार नाही. मालकाची जात किंवा लिंग बदलल्याने मजुराचे काय भले होते? शंका रास्त आहे. दलित मालकाच्या कारखान्यातही किमान वेतन बुडू शकते. स्त्रीच्या नावावरचा उद्योग नवऱ्याच्या खिशातून चालू शकतो. म्हणून मालकी कागदावर कोणाची आणि कारभार कोणाचा, हे तपासलेच पाहिजे, आणि वेतनाचे कायदे सर्वांना सारखेच लागू पाहिजेत. परंतु ही शंका पुढे करून जुनी मक्तेदारी आहे तशी चालू ठेवणे हा न्याय नव्हे. सरकारी खरेदी जनतेच्या पैशातून होते. त्या पैशावर काही घराण्यांचा व जातींचा वारसाहक्क नाही.

अखेरचा मुद्दा पैशाच्या वेळेचा. २००६च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हे प्रत्येक लहान पुरवठादार जाणतो. वडिलोपार्जित भांडवल असलेला सहा महिने थांबू शकतो. ज्याची पहिलीच पिढी धंद्यात उतरली आहे, त्याला सावकार गाठावा लागतो. उशिराने दिलेले बिल हे अशा उद्योगाला दिलेले विषच ठरते.

तेव्हा गौरव करायचाच असेल तर त्याचा निकष बदलावा लागेल. प्रत्येक सरकारी खात्याने व मोठ्या कंपनीने दरवर्षी प्रसिद्ध करावे, की एकूण खरेदी किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींचा, स्त्रियांचा व अल्पसंख्यांचा वाटा किती, आणि बिले सरासरी किती दिवसांत चुकती झाली. निविदा लहान तुकड्यांत काढाव्यात. उद्दिष्ट चुकले तर खरेदी अधिकाऱ्याला जाब विचारला जावा. तक्रारदाराचे काम काढून घेणाऱ्याला शिक्षा व्हावी.

बाबासाहेबांच्या दारातून परत फिरलेल्या त्या गिऱ्हाइकांना कोणी काही विचारू शकले नाही; तो खाजगी व्यवहार होता. शासन हे मात्र जनतेच्या पैशाने खरेदी करणारे गिऱ्हाईक आहे. त्याला विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि तो बजावला पाहिजे.