डॉक्टरच प्यालेले असतील तर?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



दारूचा विषय निघाला की आपण नवऱ्यांवर नाहीतर गावातल्या दुकानावर बोलतो. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आपल्याला पाठ आहे. आज मी दवाखान्यातल्या दारूबद्दल बोलणार आहे.

माझ्या जावेला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टर आले ते भिंतीला धरत. जीभ जड, तोंडाला वास. सिस्टरनंच सगळं निभावलं आणि जाऊ सुखरूप बाळंत झाली. सकाळी तक्रारीचं काढलं तर सासरे म्हणाले, "उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय." आम्ही गप्प बसलो. तोवर वासही गेला होता म्हणा, दाखवणार काय?

नंतर मी माहिती काढली. डॉक्टरांच्या वागणुकीचे नियम २००२ चे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम काढले. त्यात साफ लिहिलं होतं, की ड्युटीवर असो वा नसो, कामावर परिणाम होईल अशी नशा म्हणजे गैरवर्तन. पण त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि पुन्हा २००२ चे लागू झाले. त्यांत दारूचं इतकं स्पष्ट नाही. तरी गैरवर्तनाची यादी तेवढ्यावर संपत नाही, असं त्यातच लिहिलंय. म्हणून तक्रार करता येते. सरकारी डॉक्टर-सिस्टरला १९७९ चे वर्तणूक नियमही लागू आहेत. ड्युटीवर नशेत राहायला त्यात मनाई आहे.

अशी वेळ आली तर आधी पेशंट बघा. दुसरे डॉक्टर बोलवायला सांगा, नाहीतर १०८ ला फोन करून हलवा. मग ११२. पोलिसांना त्या माणसाची वैद्यकीय तपासणी करून घेता येते, पण ती त्याच रात्री व्हायला पाहिजे. वेळ, कोण हजर होतं, काय दिसलं ते वहीत लिहा, दोघींच्या सह्या घ्या. दवाखान्याचे कागद मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर तक्रार जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. एमबीबीएस डॉक्टर खाजगी असो की सरकारी, मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही लेखी तक्रार जाते. नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचं नाव काढायचा अधिकार परिषदेला आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्स यांच्या परिषदा वेगळ्या.

एक मात्र सांगते. स्पिरीटचाही वास येतो. साखर फार वाढलेल्या माणसाच्या श्वासालाही वेगळा वास येतो. दोन रात्री जागलेल्याचे डोळे लालच असणार. म्हणून "दारू प्यालाय" असं लिहू नका, जे दिसलं ते लिहा. ठरवायचं काम तपासणीचं. आणि कुणीही हात उचलायचा नाही. २०१० च्या कायद्यानं दवाखान्यात मारहाण, तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, जामीनही सहज नाही. मग आपली खरी तक्रार बाजूला राहते आणि आपलीच पोरं आत जातात.

डॉक्टरला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो, चिठ्ठीवरही लिहावा लागतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या गावच्या डॉक्टरचा क्रमांक लिहून आणा. ज्यांच्याकडे तो लावलेलाच नाही, त्यांचं नाव आधी सांगा.