थांबलेले उत्पादन आणि हातातले साधन

एखाद्या कंपनीने एखाद्या वस्तूचे उत्पादन थांबवणे ही व्यापारातील नित्याची घटना मानली जाते. मात्र ती वस्तू ज्यांच्या हातात वर्षानुवर्षे राबलेली असते, त्यांच्यापुढे त्या दिवशी वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे खरेदीच्या वेळी मिळालेल्या वचनाचे पुढे काय होणार. 'निकॉन' या जपानी कंपनीने रायफलीवर बसवण्याच्या दुर्बिणींचे उत्पादन थांबवल्याची बातमी 2019 च्या डिसेंबरात पसरली, तेव्हा अमेरिकेतील शिकाऱ्यांमध्ये जी अस्वस्थता उमटली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. ज्या महाराष्ट्रात शिकार कायद्याने बंद आहे, तेथील पडघ्यासारख्या गावात हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु पडघा ज्यात येते त्या भिवंडी तालुक्यात, जिथे एका हातातून दुसऱ्या हातात आलेल्या यंत्रमागांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटली, तिथे बनवणारा निघून गेल्यावर साधन कसे जगते हे निराळे शिकवावे लागत नाही.

रायफलीवरची दुर्बीण ही साध्या दुर्बिणीहून अधिक काटेकोर वस्तू आहे. पुढचे मोठे भिंग प्रकाश गोळा करते, मधली भिंगे उलटी पडलेली प्रतिमा सुलटी करतात आणि डोळ्याकडचे भिंग ती मोठी करून दाखवते. या सर्वांच्या मध्ये बारीक रेषांचा एक छेद असतो आणि नेम धरणारा तो छेद लक्ष्यावर आणतो. नळीच्या वर आणि बाजूला दोन फिरत्या टोप्या असतात, ज्या फिरवल्या की प्रत्येक 'टक्' आवाजासरशी नेम अगदी थोडा सरकतो. हे सरकणे अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे कोनाच्या मिनिटात मोजले जाते. शंभर मीटर अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, आणि पुष्कळ दुर्बिणींत एक 'टक्' म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम सात मिलिमीटर. ठरावीक अंतरावर गोळ्या झाडून, त्या कुठे लागतात ते पाहून, टोप्या फिरवून दुर्बीण त्या एकाच रायफलीशी आणि एकाच प्रकारच्या काडतुसाशी जुळवावी लागते. हे जुळवणे एकदा पक्के झाले की शिकारी ते सहसा मोडत नाही. त्याचा हात, त्याचा खांदा आणि त्याचा डोळा त्या जुळणीला सरावलेले असतात.

निकॉनचा लौकिक भिंगांचा. 1917 मध्ये टोकियोत 'निप्पॉन कोगाकू' या नावाने सुरू झालेली ही कंपनी पुढे कॅमेरे, सूक्ष्मदर्शक आणि अर्धवाहक चिपांवर नक्षी उमटवणारी प्रचंड यंत्रे बनवू लागली. रायफलीवरच्या दुर्बिणी हा तिच्या एकूण व्यवसायातील लहान भाग होता, तरी अमेरिकेत 'प्रोस्टाफ', 'बकमास्टर्स' आणि 'मोनार्क' या तिच्या मालिकांनी मध्यम उत्पन्नाच्या शिकाऱ्याच्या मनात घर केले होते. जर्मनीच्या 'झाइस' किंवा ऑस्ट्रियाच्या 'स्वारोव्स्की' या कंपन्यांच्या दुर्बिणी त्याच्या खिशाला परवडत नसत, अगदी स्वस्त दुर्बिणीवर त्याचा भरवसा नसे आणि या दोहोंमधली जागा निकॉनने भरून काढली होती. तिच्या अनेक दुर्बिणींत मुख्य छेदाच्या खाली लहान पोकळ वर्तुळे असत. गोळी लांब जाताना खाली येते, म्हणून दूरच्या लक्ष्यासाठी नेम थोडा वर धरावा लागतो. तो किती वर धरायचा याचा हिशेब ही वर्तुळे करून देत, आणि कुठले वर्तुळ किती अंतराला लागू पडते ते आपल्या काडतुसाप्रमाणे काढून देणारी गणकप्रणालीही कंपनीने पुरवली होती.

उत्पादन थांबल्याचे कळताच पहिली प्रतिक्रिया आश्चर्याची होती, कारण खपणारी, नावाजलेली वस्तू कंपनी स्वतःहून सोडून देईल ही कल्पनाच बहुतेकांना पटेना. काहींनी त्यात राजकारण पाहिले: बंदुकांवरून अमेरिकेत चालणारा वाद कॅमेरे विकणाऱ्या कंपनीला नकोसा झाला असावा, असा त्यांचा तर्क. या तर्काला पुरावा नव्हता. बाजाराकडे पाहिले तर कारण अधिक साधे दिसते, कारण त्या काळात कॅमेऱ्यांचा धंदा मोबाइलने पोखरला होता, निकॉन खर्च आवरण्याच्या मागे होती आणि मध्यम किमतीच्या दुर्बिणींत 'व्होर्टेक्स'सारख्या अमेरिकी कंपन्या जोरात पुढे आल्या होत्या. कंपनीने हातातल्या दुर्बिणी आणि अंतर मोजणारी उपकरणे बनवणे चालू ठेवले हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शिकारी ही उपकरणे वापरतातच. तेव्हा कंपनीने शिकाऱ्यांकडे पाठ फिरवली, असे म्हणणे टिकत नाही.

दुकानांत उरलेल्या मालाच्या किमती उतरल्या आणि लोकांनी जास्तीच्या दुर्बिणी घेऊन ठेवल्या, ही झाली दुसरी प्रतिक्रिया. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विचार करायला लावते ती तिसरी, म्हणजे हमीविषयीची चिंता. दोष कुणाचाही असो, दुर्बीण बिघडली तर दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, अशी हमी निकॉनने दिली होती आणि अनेकांनी खरेदीचा निर्णय त्याच भरवशावर घेतला होता. हमी पाळली जाईल असे कंपनीने सांगितले. पण ज्या वस्तूचे उत्पादनच नाही ती बदलून देताना काय द्यायचे, सुटे भाग किती वर्षे पुरतील आणि कारागीर कुठून येतील, हे प्रश्न त्या आश्वासनाने सुटले नाहीत. जुन्या शिकाऱ्यांना 'रेडफील्ड'ची आठवण होती. डेन्व्हरच्या या नामांकित दुर्बीण-कंपनीचा कारखाना 1998 मध्ये बंद पडला आणि दहा वर्षांनी, 2008 मध्ये, तिचे नाव 'ल्युपोल्ड' या दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. नाव पुन्हा बाजारात आले, परंतु जुना कारखाना आला नाही. 'आयुष्यभराची हमी' या शब्दांत नेमके कुणाचे आयुष्य मोजले जाते, ग्राहकाचे, वस्तूचे की उत्पादनाचे, असा त्या चिंतेचा गाभा होता आणि ती चिंता रास्त होती.

महाराष्ट्रात अशी हाकाटी ऐकू आली नाही, याचे कारण उघड आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद सुरुवातीला होती, पण 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि शिकार हा छंद म्हणून संपुष्टात आला. पडघ्यापासून फार दूर नसलेले शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्य 1970 पासून संरक्षित आहे. तिथे आज निकॉनची दुर्बीण दिसली तर ती पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यात असते, आणि ती दुर्बीण कंपनी अजून बनवते. नेमबाजीच्या खेळातही हा प्रश्न उद्भवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून पाहून नेम धरावा लागतो.

म्हणून इथले जवळचे उदाहरण दुसऱ्याच साधनात शोधावे लागते, आणि ते टंकलेखन यंत्रात सापडते. 'गोदरेज अँड बॉइस'ने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. विक्रोळीत सुरू झालेले हे काम नंतर सातारा जिल्ह्यातील शिरवळला गेले. 2009 मध्ये कंपनीने कार्यालयीन टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी बातमी देशोदेशी छापून आली. बातमी पूर्णपणे खरी नव्हती, कारण विजेवर चालणारी यंत्रे अन्यत्र बनतच होती. तरी इथल्या माणसांच्या दृष्टीने तिच्यातले सत्य पुरेसे होते. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवून देणाऱ्या टायपिंग इन्स्टिट्यूट तालुक्यातालुक्यांत उभ्या होत्या. कंपनीने यंत्र बनवणे थांबवल्यानंतरही पुढची काही वर्षे सरकारी परीक्षा त्याच यंत्रांवर होत राहिली. संगणकावरील परीक्षेकडे जाण्याचा निर्णय झाल्यावर संस्थाचालकांनी मुदतवाढीसाठी धडपड केली आणि 2017 मध्ये यंत्रावरची परीक्षा संपली. उत्पादन थांबणे आणि वापर थांबणे यांत आठ वर्षांचे अंतर पडले.

हे अंतर कशाच्या जोरावर निघाले, हे पाहण्यासाठी यंत्राचे झाकण उघडावे लागते. कळ दाबली की तिची तरफ एका आडव्या दांडीला ओढते, दांडी अक्षराच्या काडीला उचलते, काडी रिबनवर आपटते आणि त्याच वेळी कागदाचा गाडा एक घर सरकतो. यातले सगळे डोळ्यांना दिसते. काडी वाकली तर चिमट्याने सरळ करता येते, स्प्रिंग ढिली पडली तर दुसरी लावता येते आणि एका निकामी यंत्राच्या सुट्या भागांवर दुसरी यंत्रे चालतात. न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या टंकलेखकाला आणि त्याच्या यंत्राची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला कारखाना बंद झाल्याची बातमी दुःखाची असली, तरी दुसऱ्या दिवशी काम अडले नाही. भिवंडीच्या मागांचीही कथा निराळी नाही. माग बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी ते नमुने कधीच सोडून दिले. तरी धोटा, पिकर, दातेरी चाके गावातच मिळत राहिली आणि माग चालत राहिले. 'बजाज'ने 2009 च्या अखेरीस स्कूटर सोडण्याचे जाहीर केल्यानंतर जुन्या 'चेतक' गल्लीतल्या गॅरेजांनी जगवल्या, हेही याच जातीचे उदाहरण.

रायफलीवरची दुर्बीण मात्र या जातीत बसत नाही. तिच्या नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन वायू भरलेला असतो, कारण आत दमटपणा राहिला तर थंडीच्या पहाटे भिंगांवर आतून धुके धरते. ती नळी घरी उघडली की वायू निघून जातो, धूळ आत शिरते आणि रायफलीच्या धक्क्याला पुरून उरणारी भिंगांची जुळणी बिघडते. नीट दुरुस्ती कारखान्यातील यंत्रसामग्रीखेरीज होणे अवघड. म्हणजे टंकलेखकाला मेकॅनिक पुरतो आणि शिकाऱ्याला कंपनीच लागते. अमेरिकेतील शिकाऱ्यांची चिंता भावनिक नव्हती, असे म्हणण्याचा आधार हा आहे. बंद नळीचे साधन विकणारी कंपनी दुरुस्तीची सर्व सूत्रे आपल्याकडे ठेवते. त्यामुळे उत्पादन थांबवण्याचा तिचा अधिकार मान्य केला, तरी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची तिची जबाबदारी उघड्या यंत्राच्या निर्मात्यापेक्षा जास्त ठरते. ती जबाबदारी किती वर्षांची, हे उत्पादन थांबवतानाच नव्हे, विक्रीच्या दिवशीच सांगितले गेले पाहिजे.

भारतात हा विचार कायद्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबलेला आहे. केंद्र सरकारने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्थानिक कारागिराला मिळावी हा त्यामागचा हेतू स्तुत्य आहे. मात्र संकेतस्थळावर कंपनीने स्वेच्छेने माहिती देणे आणि ती देण्याची सक्ती असणे यांत मोठा फरक आहे, आणि ग्राहकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरायचा तो या सक्तीचा. पडघा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्याने पॉवर टिलर घेताना, विद्यार्थ्याने संगणक घेताना किंवा ग्रामपंचायतीने पाण्याचा पंप घेताना दुकानदाराला विचारावे की हे उत्पादन बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि गावातल्या कारागिराला हे उघडता येईल का. आणि जे उत्तर मिळेल ते पावतीवर लिहून, सहीनिशी घ्यावे.